दोन बाह्यांची लोकर

आमच्या घरी विणकामाच्या सुयांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात नऊ नंबरच्या दोन जोड्या, दहाच्या तीन, बाराच्या दोन आणि अकरा नंबरची एकटीच सुई आहे. तिची जोडीदारीण कोठे गेली, हा वाद गेली पंधरा वर्षे अनिर्णित आहे. थोरलीचे म्हणणे, धाकटीच्या मुलाने ती सायकलच्या चाकातला चिखल काढायला नेली. धाकटीचे म्हणणे, थोरलीने ती अंबाड्यात खोवली होती आणि अंबाडा सुटला तेव्हा ती कोठल्यातरी बसमध्ये राहिली. दोन्ही पक्षांकडे पुरावा नाही. ज्यांना या विषयात गती नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, सुयांचा नंबर जसा वाढतो तशी सुई बारीक होते. स्वेटरचा काठ बाराने, अंग दहाने, आणि अकराने काय करायचे ते जिच्याकडे अकराची जोडी आहे तिने ठरवावे.

आम्ही म्हणजे आम्ही दोघी जावा. थोरली १९७८ साली या घरात आली, धाकटी १९८४ साली. दोघींनाही विणकाम शिकवले ते सासूबाईंनी. त्या नांदेडच्या; शाळेत शिवणाच्या तासाला शिकलेल्या दोन सुया आणि एक क्रोशाची सुई घेऊन त्या इंद्रवेल्लीस आल्या. त्या काळी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. पुढे १९५६ साली राज्यांची वाटणी झाली, किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले आणि आम्ही आंध्रात राहिलो. २०१४ साली आंध्रातून तेलंगणात आलो. घर मात्र कोठे हलले नाही. सासूबाई म्हणत, "आपण जागचे उठलो नाही, तरी तीन राज्ये फिरून आलो."

आदिलाबाद म्हटले की बाहेरच्यांना उन्हाळा आठवतो, आणि तो आठवण्याजोगा असतोही. पण आमच्याकडची थंडी ज्याने अनुभवली आहे, तो आम्हाला लोकरीचे वेड का, असे विचारणार नाही. पौषात काही वर्षी पारा पाच अंशांच्या आसपास येतो. केसलापूरची नागोबाची जत्रा नेमकी पौषाच्या अमावास्येला. गोदावरीचे पाणी घेऊन पायी आलेली मेसराम घराण्यातली माणसे वडाखाली उघड्यावर मुक्काम करतात, आणि नव्या सुना पांढरी लुगडी नेसून देवाच्या भेटीला उभ्या राहतात, तेव्हा आमच्या दातावर दात वाजत असतात. एका वर्षी आम्ही चाळीस टोप्या विणून जत्रेत नेल्या. फुकट वाटायच्या म्हणून नेल्या होत्या, तर कोणी घेईना. फुकटच्या वस्तूत काहीतरी खोट असणार, हा शहाणपणा सगळीकडे सारखाच. शेवटी एका म्हातारीने, "पाच रुपयाला देता का?" असे विचारले. आम्ही "हो" म्हटले आणि तासाभरात टोपली रिकामी झाली. त्या दोनशे रुपयांची आम्ही जत्रेतच लोखंडी कढई घेतली. ती अजून वापरात आहे.

विणकामाला लोक 'रिकामपणचा उद्योग' म्हणतात. आमच्या घरातले पुरुषही म्हणत. खरे पाहता रिकामपण कोणाला होते? खरिपात कापसाची निंदणी आणि वेचणी यांत श्वास घ्यायला फुरसत नसे, म्हणून सासूबाई लोकर हातात घेत त्या ऐन उन्हाळ्यात. बाहेर लाही होत असताना मांडीवर लोकरीचे ऊबदार पाठ घेऊन बसायचे, घामाने टाके सुईवर सरकत नाहीत म्हणून बोटांना पावडर लावायची, आणि हे सारे कोणाच्या तरी डिसेंबरसाठी. याला हौस म्हणायचे तर म्हणा.

या बाबतीत आम्हाला एक गोष्ट फार उशिरा कळली. आपली गोदावरी नांदेडवरून, बासरवरून वाहत जाऊन समुद्राला मिळते, तिच्या त्या टोकाला नरसापूर आहे. तिथल्या बायका एकोणिसाव्या शतकापासून क्रोशाची लेस विणतात. स्कॉटिश मिशनऱ्यांनी ती कला तिथल्या गरीब बायकांना शिकवली. पुढे तिचा व्यापार झाला आणि लेस परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन विदुषीने त्या बायकांवर लिहिलेले पुस्तक १९८२ साली निघाले. तिचे मुख्य म्हणणे असे की, या बायका दिवसाचे कितीतरी तास राबत असूनही त्यांना सगळे 'घरी बसणाऱ्या' समजतात, आणि घरी बसून फावल्या वेळात केलेले काम म्हणून त्याचा मोबदलाही तसाच देतात. अलीकडे, २०२४ साली, नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने विणणारीच्या हाती किती पडते, तो हिशेब निराळा. तेलुगूत या कामाला 'अल्लिक' म्हणतात. आमच्याकडे येणाऱ्या तेलुगू शेजारणींच्या तोंडी तो शब्द ऐकला की आम्हाला त्या नदीच्या दुसऱ्या टोकाच्या बायका नात्यातल्या वाटतात. त्यांनी विकण्यासाठी विणले, आम्ही देण्यासाठी; 'घरी बसणाऱ्या' दोघीही.

सासूबाईंनी एकदाच विकण्यासाठीही नव्हे आणि घरच्यासाठीही नव्हे असे विणले, ते १९६२ साली. चीनचे युद्ध झाले, त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, आणि गावोगावच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणायला घेतले. सासूबाईंनी दोन पाठवले. ते कोणाच्या अंगी लागले, हे कळण्याचा मार्ग नव्हता. पण पुढे कित्येक वर्षे वर्तमानपत्रात लडाखचे छायाचित्र आले की त्या चष्मा पुसून जवानांचे गळे पाहत. आपला काठ दिसतो का म्हणून.

असो. सांगायचे होते ते गेल्या हिवाळ्याचे.

थोरलीच्या लेकीची लेक हैदराबादेस असते. तिला दिवस गेल्याचा फोन आला आणि आम्ही बाळंतविड्याची यादी करायला बसलो. कुंची, टोपडे, दोन झबली, पायमोजांचे चार जोड आणि बाळाला गुंडाळायची एक शाल. नात फोनवर म्हणाली, "आजी, बाळंतविडा म्हणजे काय असतं? ऑनलाइन मिळतं का?" थोरलीने कपाळाला हात लावला. धाकटी म्हणाली, "मिळत असेलही, पण आम्ही काय करायचं मग?"

थोरलीच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले आहेत. जवळचे चष्म्याने दिसते, पण दिव्याखाली पांढऱ्यावर पांढरा टाका तिला दिसत नाही. तेव्हा कामाची वाटणी अशी झाली: सुलट-उलट सरळ विणायचे ते थोरलीने, बोटांनी चाचपून, वेणीची नक्षी, टाके कमी करणे आणि क्रोशाचे काठ धाकटीने. थोरलीची बोटे मोजण्यात इतकी तयार की एकशे वीस टाक्यांत एक जरी गळला तरी तिला सुईच्या वजनावरून कळते, असे ती म्हणते. आम्ही दोनदा पडताळा घेतला. एकदा ती बरोबर निघाली.

क्रोशाच्या भाषेत साखळी असते, खांब असतो, अर्धा खांब असतो आणि मुका खांब असतो. कोणी हे शब्द मराठीत आणले कोण जाणे, पण ज्या बाईने 'मुका खांब' असा शब्द काढला असेल, ती मोठ्या कुटुंबात राहत असली पाहिजे.

शाल जवळजवळ पुरी झाली आणि लोकर संपली. फक्त काठ राहिला होता, तीन बोटे रुंदीचा, चारही बाजूंनी. लोकर हस्तिदंती रंगाची होती. गुंड्यावरची कागदी पट्टी आम्ही जपून ठेवली होती, कारण नवशिक्याही जाणतो की एकाच रंगाची लोकर दोन वेळा रंगवली तर दोन वेळा निराळी उतरते आणि म्हणूनच पट्टीवर लॉटचा नंबर छापलेला असतो. आम्ही पट्टी घेऊन आदिलाबादला निघालो. ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात बायकांना आर.टी.सी.च्या साध्या आणि एक्स्प्रेस बसमध्ये भाडे नाही. आधार कार्ड दाखवले की कंडक्टर शून्य रुपयाचे तिकीट फाडतो. एका गुंड्यासाठी चाळीसेक किलोमीटर जाणे हा पूर्वी घरात बोलून दाखवण्यासारखा बेत नव्हता. आता तो असतो.

दुकानदाराने गुंडा काढून दिला. लॉट निराळा होता, पण त्याने ट्यूबलाइटखाली दोन्ही धागे शेजारी धरून दाखवले. थोरलीचा प्रश्नच नव्हता, पण धाकटीलाही फरक दिसला नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. काठाला लगेच सुरुवात करावी म्हणून आम्ही शाल मांडीवर घेतली. गुडीहत्नूर ओलांडून बस इंद्रवेल्लीच्या रस्त्याला लागली आणि खिडकीतून सरळ ऊन आत आले. नवी लोकर गुलाबीकडे झुकत होती. फार नाही; पण जिने तीन महिने तो रंग पाहिला तिला न दिसण्याइतकी थोडीही नाही. धाकटी "अहो ताई!" एवढेच म्हणाली आणि तिच्या हातून गुंडा सुटला.

गुंडा सुटणे म्हणजे काय, हे ज्यांनी चालत्या बसमध्ये अनुभवले नाही त्यांना सांगून कळणार नाही. तो आधी आमच्या सीटखाली गेला, वळणावर समोरच्या रांगेत शिरला, मग बस थांबली तसा थेट ड्रायव्हरच्या दिशेने निघाला. कॉलेजच्या मुलांनी पाय वर घेतले. एका लंबाडी बाईच्या टोपलीला धाग्याचा वेढा पडला. सगळ्यांत पुढे एक गोंड आजीबाई बसल्या होत्या. त्यांनी तो पायाने अडवला, उचलला, आणि काही न बोलता सराईतपणे गुंडाळू लागल्या. कंडक्टर आमच्याकडे वळून ओरडला, "अम्मा, मी दारम!" तेलुगूत 'मी' म्हणजे तुमचे, आणि 'दारम' म्हणजे दोरा. आमच्या घरातल्या लहान मुलांना या 'मी'ने पिढ्यानपिढ्या हसवले आहे. आजीबाईंकडून मागच्या बाकावर, तिथून लंबाडी बाईकडे, असा गुंडाळत गुंडाळत गुंडा आमच्यापर्यंत आला तेव्हा त्यावर तीन निराळ्या हातांचे वेढे होते, आणि तिन्ही आमच्यापेक्षा नीट.

पण रंग चुकला तो चुकलाच. नांदेडला कोणालातरी सांगावे, हैदराबादेत शोधावे, असे दोन दिवस बेत चालले. मग थोरली उठली आणि तिने माळ्यावरची लोखंडी पेटी खाली घ्यायला लावली.

पेटीत सासऱ्यांचा स्वेटर होता. पूर्ण बाह्यांचा, शुद्ध लोकरीचा, मूळचा पांढरा. चव्वेचाळीस वर्षे कडुनिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या यांच्या सहवासात तो हस्तिदंती झाला होता. आम्ही अंगणात नेऊन उन्हात शालीशेजारी धरला. सख्खी भावंडे.

"उसवू," थोरली म्हणाली.

धाकटी म्हणाली, "आत्याबाईंच्या हातचा एवढाच राहिलाय."

ते खरे होते. पण धाकटीला त्याविषयी जे ठाऊक होते ते ऐकीव. थोरली त्या वेळी घरात होती. २० एप्रिल १९८१, सोमवार. सोमवार म्हणजे आमच्या गावचा बाजार. गिरिजन रयतु कुली संघमने त्या दिवशी सभा बोलावली होती. जमिनीचे पट्टे मिळावेत, ही मागणी होती. सभेला परवानगी नाकारलेली होती, पण ते खेड्यापाड्यांतून निघालेल्या पुष्कळांना ठाऊक नव्हते, आणि काही तर नुसते मीठमिरचीला आलेले. थोरली तेवीस वर्षांची होती, मांडीवर दीड वर्षाची लेक. सासूबाई याच स्वेटरची पाठ विणत ओसरीवर बसल्या होत्या. गोळीबाराचा आवाज आला तेव्हा आधी वाटले, लग्नाचे फटाके असतील. मग माणसे धावू लागली. दार लावून घेतले. सरकारी आकडा तेरा मृतांचा आला. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी त्याहून पुष्कळ अधिक सांगितला. आमच्या वावरात निंदणीला येणाऱ्या एका बाईचा दीर त्या दिवशी बाजाराला गेला तो परत आला नाही. ती पुढे आमच्याकडे कामाला आली नाही. सासूबाईंनी दोनदा निरोप धाडला, तिसऱ्यांदा धाडला नाही.

आपल्या मंडळींच्या घरी हा विषय निघाला की आवाज खाली येतो, हे आम्हाला माहीत आहे. आम्हीही इतकी वर्षे तसेच केले. १९७० च्या ज्या नियमाने अनुसूचित क्षेत्रातली आदिवासींची जमीन इतरांच्या नावे होणे बंद झाले, तो नियम आमच्या घरात नेहमी 'आपल्यावर आलेले संकट' याच शब्दांत ऐकू आला. त्याच्या आधी ती जमीन कोणाची होती, हे सासऱ्यांना आम्ही कधी विचारले नाही. सुना विचारत नसत, हे खरे. पण ते पूर्ण उत्तर नव्हे.

सासूबाईंचा हात सैल म्हणून प्रसिद्ध होता. त्यांचे विणलेले हाताला लोण्यासारखे लागे. थोरलीने स्वेटर उलटा करून पाठीवरून बोटे फिरवली आणि धाकटीचा हात धरून तिथे ठेवला. "हे बघ." कमरेच्या वर, दोन बोटे रुंदीचा एक पट्टा होता. मोजल्या तर आठ ओळी. टाके इतके घट्ट की कापड तिथे आत ओढल्यासारखे झाले होते. त्याच्या खाली आणि वर नेहमीचा सैल हात. डोळ्यांनी पाहिले तर लक्षातही येऊ नये; थोरलीला ते कळले, कारण ती आता बोटांनी पाहते. इतकी वर्षे तो स्वेटर दर उन्हाळ्यात वाळत घातला, झटकला, घडी केला, आणि कळले ते आता.

सासूबाई त्या दिवसाविषयी कधी काही बोलल्याचे आम्हाला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी विणायला घेतले होते का, की चार दिवसांनी, तेही थोरलीला आठवत नाही. १९९८ साली त्या गेल्या.

त्या संध्याकाळी आमचे भांडण झाले. भांडण असे आम्ही म्हणतो. घरातल्यांनी त्याला निराळे नाव दिले. थोरलीचे म्हणणे, लोकर अंगावर घालण्यासाठी असते, पेटीत ठेवण्यासाठी नव्हे. आत्याबाई असत्या तर त्यांनी स्वतः उसवला असता, त्यांनी तर लग्नातला शालूही फाडून परकर शिवले. धाकटीचे म्हणणे, उसवले की ते आठ ओळींचे जे काही आहे ते गेले, आणि मग ते होते असे सांगायला आपण दोघी उरतो. आपण किती दिवस? थोरली म्हणाली, "मग लिहून ठेव." धाकटी म्हणाली, "लिहिलेलं कोण वाचतं?" रात्री दोघी जेवलो, पण ताटे निराळ्या वेळी घेतली.

सकाळी थोरलीच्या यजमानांनी निकाल लावला. स्वेटर अंगावर चढवून ते आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मला असल्या बाह्या काखेत टोचतात. काढून टाका. बाकीचा मी घालीन." वडिलांचा स्वेटर त्यांना पोटावर किंचित तोकडा होता. त्यांना आठ ओळींचे काही सांगितलेले नव्हते.

स्वेटर चार तुकड्यांत विणतात: पाठ, पोट आणि दोन बाह्या. शिवण नीट उसवली तर बाह्या अलग निघतात. मनगटापासून खांद्याकडे विणत जातात, तेव्हा उसवायचे ते खांद्याकडून. धाकटीने पहिले टोक शोधून ओढले. जुन्या लोकरीला प्रत्येक टाक्याची सवय झालेली असते. ती सरळ येत नाही, नागमोडी येते, कुरळ्या केसांसारखी. काखेजवळ घामाने नमदा झालेला वीतभर तुकडा कापावा लागला. बाकीची खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी केली, कोमट पाण्यात बुडवली आणि वाळत घालताना खाली पाण्याने भरलेला तांब्या बांधला. तिसऱ्या दिवशी ती बरीचशी सरळ झाली. पूर्ण होत नाही.

जुनी लोकर नवजात अंगाला टोचेल, म्हणून ती फक्त बाहेरच्या कडेला लावली. तीन बोटांचा काठ, मुक्या खांबाचा, दोन गोल खांबाचे, शेवटी शिंपले. काठ पुरा होऊन लिंबाएवढी गुंडी उरली. ती अकराच्या सुईला टोचून डब्यात ठेवली आहे.

बिनबाह्यांचा स्वेटर घालून थोरलीचे यजमान सोमवारच्या बाजाराला जातात. घट्ट पट्टा बरोबर त्यांच्या कमरेवर येतो. "पाठ धरल्यासारखी वाटते, बरं असतं," असे ते म्हणाले.

मुलगी झाली. बाळंतविडा पोचल्याचा फोन आला. नात म्हणाली, "आजी, शाल फार छान आहे. मशीनमध्ये टाकली तर चालेल ना?"

आम्ही दोघी एकदमच ओरडलो. मग थोरलीने मराठीत सांगितले: कोमट पाणी, पिळायचे नाही, सावलीत आडवे वाळवायचे. आणि बाळाला न्हाऊ घालायला येणारी बाई तेलुगू, म्हणून धाकटीने फोन घेऊन तेच पुन्हा तेलुगूत सांगितले.